लहान मुलांमधला इस्केमिक कोलायटिस : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

इस्केमिक कोलायटिस म्हणजे आत नेमकं काय होतं?

मोठ्या आतड्याच्या एखाद्या भागाला गरजेपुरतं रक्त पोचलं नाही की पहिला मार आतल्या अस्तराला बसतो. या अस्तराला प्राणवायू भरपूर लागतो आणि रक्त मात्र सगळ्यात शेवटी मिळतं. अस्तर सुजतं, काळवंडतं, सोलवटतं आणि त्यातून रक्त झिरपू लागतं. पुरवठा लवकर पूर्ववत झाला तर काही दिवसांत ते पुन्हा भरून येतं. नाही झाला तर इजा स्नायूच्या थरापर्यंत जाते आणि भिंतीची पूर्ण जाडी मेली की आतडं फुटतं. आतड्याला पीळ पडून पुरवठा पूर्ण तुटला असेल तर सहा तासांच्या आसपास हे सगळं होऊन जातं.

केसपेपरवर बऱ्याचदा नुसतं ‘कोलायटिस’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मोठ्या आतड्याला सूज, एवढाच. ती सूज कशाने आली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हा तर म्हाताऱ्या माणसांचा आजार ना? दोन वर्षांच्या मुलाला कसा होईल?

मोठ्यांमध्ये तो जास्त दिसतो, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आतून चरबीने अरुंद झालेल्या असतात. मुलांच्या वाहिन्या कोऱ्या असतात. त्यामुळे मुलामध्ये हा आजार दुर्मीळ आहे, आणि झालाच तर तो सहसा दुसऱ्या कशाच्या तरी मागून आलेला असतो. मुलाच्या बाबतीत ‘इस्केमिक कोलायटिस’ हे अर्धंच निदान समजावं. रक्त का कमी पडलं, हे सापडलं की ते पूर्ण होतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे शरीरातलं रक्ताभिसरणच मंदावणं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटणं, सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळं शरीर ढासळणं), पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूमधला शॉक (रक्ताभिसरण कोसळणं), जन्मजात हृदयदोष किंवा हृदयाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन यांत शरीर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी आतड्याचं रक्त आखडतं घेतं. दुसरा गट यांत्रिक अडथळ्यांचा: आतड्याचा पीळ, आतड्यात आतडं शिरणं, अडकलेला हर्निया, हर्शस्प्रुंगचा आजार (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशी नसल्याने शी पुढे न सरकणं), आणि जुन्या बद्धकोष्ठात साचलेल्या खड्यांनी आतडं इतकं ताणलं जाणं की भिंतीतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. तिसऱ्या गटात बिघाड त्या बारीक वाहिन्यांतच असतो. रक्ती जुलाबांनंतर होणारा एचयूएस (लाल पेशी तुटून मूत्रपिंड बिघडण्याचा आजार), अंगावर जांभळे ठिपके आणणारा आयजीए व्हॅस्क्युलायटिस (ज्याला जुने डॉक्टर अजून एचएसपी म्हणतात), सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून प्रथिन गळण्याच्या आजारात) होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, आणि रक्त लवकर गोठण्याचे काही आनुवंशिक दोष यात येतात. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतून ठाण्यात आलेल्या मुलाचं पोट दुखत असेल आणि शीतून रक्त जात असेल, तर सिकलसेलची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा एनईसी (यात आतड्याची भिंत सुजून मरते) हा याच घराण्यातला पण वेगळा आजार आहे. त्याचे नियम वेगळे आहेत. इथे आपण महिन्याभरापेक्षा मोठ्या मुलांविषयी बोलतो आहोत.

आतड्याचा कोणता भाग आधी सापडतो?

‘अमुक भागात कमी दाबाने पाणीपुरवठा’ अशी पालिकेची सूचना आली की पहिली तक्रार येते ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या इमारतींतून. आतड्याचंही तसंच आहे. मोठ्या आतड्याला दोन मुख्य धमन्या रक्त देतात. त्यांच्या हद्दी जिथे मिळतात तो प्लीहेजवळचा डावा वरचा कोपरा आणि गुदाशयाच्या वरचा वळणाचा भाग ही दोन टोकाची गावं. गुदाशयाला खालूनही वेगळा पुरवठा असल्यामुळे तो बहुधा वाचतो. शॉकमध्ये मात्र उजवी बाजूही सापडू शकते. सोनोग्राफी करणाऱ्याने डाव्या वरच्या कोपऱ्यात वेळ घालवला नाही तर चूक होते, कारण तो कोपरा फासळ्यांखाली दडलेला असतो.

डायपरमध्ये रक्त दिसलं. धावायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

रक्ताकडे बघण्याआधी मुलाकडे बघा. मूल हसतंय, दूध पितंय, पोट मऊ आहे, शी घट्ट आहे आणि तिच्यावर लाल रेघ आहे, तर बहुतेक गुदद्वाराला चीर पडलेली असते. दुसऱ्या दिवशी ओपीडीत दाखवलं तरी चालतं.

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. हिरवी उलटी. पोट फुगून टणक होणं किंवा हात लावू न देणं. पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मग मलूल पडणं, पुन्हा किंचाळणं. हातपाय गार, चेहरा पांढुरका. लहान बाळाने सहा तास आणि मोठ्या मुलाने आठ तास शू न करणं. जांभळट, जेलीसारखी किंवा काळपट लाल शी. नेहमीपेक्षा जास्त झोप आणि उठवल्यावर नजर न देणं.

हिरव्या उलटीबद्दल वेगळं सांगायला हवं. पिवळट उलटीला पालक ‘पित्त पडलं’ म्हणतात आणि सोडून देतात. पालकाच्या भाजीसारखी किंवा शेवाळासारखी हिरवी उलटी म्हणजे पित्ताच्या नळीच्या खाली कुठेतरी वाट बंद आहे, असंच सिद्ध होईपर्यंत धरायचं. तान्ह्या बाळात याचं पहिलं संशयित कारण पीळ असतं, आणि पीळ घड्याळावर चालतो.

रक्त थोडंच गेलं. एवढ्याने काय होतं?

मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिली रक्त असतं. १० किलोच्या मुलात ते ८०० मिली भरतं. त्यातलं ८० मिली, म्हणजे चहाचा अर्धा-पाऊण कप गेलं तरी ते एक दशांश झालं. शिवाय या आजारात डायपरमध्ये दिसतं त्याहून जास्त पाणी सुजलेल्या भिंतीत आणि पोटात अडकून बसलेलं असतं. दिसलेल्या रक्तावरून हिशेब करणारा इथे हमखास फसतो.

रक्ती आव आणि हा आजार, फरक कसा कळतो?

आवेत सहसा ताप असतो, शेंबडासारखा चिकट आव पडतो, मूल कुंथत राहतं आणि शी थोडी थोडी पण वारंवार होते. रक्त कमी पडल्याने होणाऱ्या आजारात आधी वेदना येते, अचानक येते, आणि रक्त काही तासांनी, साधारण पहिल्या दिवसात दिसतं. वेदना मोठी आणि पोट तपासताना सापडणारं कमी, ही विसंगती अनुभवी डॉक्टरला खटकते.

फरक नेहमीच इतका स्वच्छ नसतो. तीव्र आवेतून एचयूएस होऊ शकतो आणि एचयूएसमधून आतड्याची इस्केमिया, म्हणजे रक्त कमी पडणं. क्रम असा असतो: रक्ती जुलाब सुरू होतात, पाच-सहा दिवसांनी कमी झाल्यासारखे वाटतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग मूल पांढरं पडतं, शू कमी होते, चेहरा सुजतो. जुलाब बरे होत असताना मूल मात्र खालावतंय, हे दिसलं की त्याच दिवशी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्ताचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला थेंब) बघायचा.

आपल्याकडे रक्त दिसलं की मेट्रोनिडाझोल सुरू करायची सवय फार जुनी. पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ती जुलाबामागे अमिबापेक्षा शिगेला जिवाणू कितीतरी जास्त वेळा असतो. चार दिवस अमिबाचं औषध देऊन वाट बघण्यात मूळ आजार पुढे निघून जातो.

आणखी कोणत्या आजारांशी गल्लत होते?

आतड्यात आतडं शिरणं, म्हणजे इंटससेप्शन, हे तीन महिने ते तीन वर्षं या वयात मुख्यतः दिसतं. पंधरा-वीस मिनिटांनी येणारी कळ ही त्याची खूण. जेलीसारखी लाल शी उशिरा दिसते, तिची वाट बघायची नसते. दोन ते सहा वर्षांच्या खेळत्या मुलाला न दुखता ताजं रक्त जात असेल तर ज्युव्हेनाइल पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा मांसल कोंब). न दुखता पण भरपूर, विटकरी रंगाचं रक्त गेलं तर मेकल्स डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्यावरची जन्मजात पिशवी). दोन-तीन महिन्यांचं गुटगुटीत बाळ आणि शीत रक्ताचे धागे, तर बहुधा गायीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. पायांवर आणि ढुंगणावर जांभळे पुरळ, सोबत सांधे दुखणं, तर एचएसपी. यात गंमत अशी की पोटदुखी कधीकधी पुरळाच्या आधी काही दिवस सुरू होते, म्हणून मुलाचे कपडे पूर्ण उतरवून रोज बघायचं.

लाल दिसतं ते रक्तच असतं का?

नाही. बीट, लाल गरचं ड्रॅगनफ्रूट, रंगीत जेली आणि गोळे शी लाल करतात. सेफडिनिर हे अँटिबायोटिक लोहाच्या औषधासोबत किंवा लोह घातलेल्या पावडरच्या दुधासोबत दिलं की शी विटकरी होते. लोहाने ती काळी होते. शंका असेल तर डायपर पिशवीत घालून सोबत न्या. मोबाइलमधल्या फोटोपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

घरी काय द्यायचं आणि काय मुळीच नाही?

वरची धोक्याची लक्षणं असतील तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा. भूल द्यावी लागली तर भरलेलं पोट अडचण करतं.

धोक्याची लक्षणं नसलेल्या साध्या जुलाबात ओआरएस आणि आईचं दूध चालू ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट, २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचं. उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. छोटं ४.२ ग्रॅमचं पाकीट २०० मिलीसाठी असतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मोठ्या पाकिटातलं थोडं-थोडं अंदाजाने ग्लासात टाकलं जातं. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं आणि झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. दुकानातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावातून हा शब्द काढायला लावला, पण घराघरांतली सवय अजून गेलेली नाही.

काय टाळायचं? जुलाब थांबवणारी औषधं, म्हणजे लोपेरामाइड किंवा डायफेनॉक्सिलेट, रक्त असताना कधीच नाही. ती आतड्याची हालचाल थांबवतात, विष आणि वायू आतच राहतात, पोट फुगतं आणि भिंतीवरचा ताण वाढून रक्त आणखी कमी पोचतं. आयबुप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड हेही नको. त्यांनी अस्तराचा आणि मूत्रपिंडाचाही रक्तपुरवठा आखडतो. तापाला पॅरासिटामॉल पुरतं, १५ मिग्रॅ प्रतिकिलो, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. एरंडेल, साबणाच्या पाण्याची पिचकारी, उगाळलेली गुटी बंद. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावल्याने नुकसान होत नाही, पण ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं धोक्याचं आहे. पातळ झालेलं आतडं दाबाने फुटतं.

सर्दीच्या औषधाचा याच्याशी काय संबंध?

नाक मोकळं करणाऱ्या औषधांतलं फेनिलएफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. नाकातल्या तशा इतर ठिकाणच्याही. मोठ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिननंतर इस्केमिक कोलायटिस झाल्याची नोंद आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. इतिहास सांगताना गेल्या आठवड्यात दिलेलं प्रत्येक औषध सांगा, मेडिकलवाल्याकडून आणलेलंही.

इमर्जन्सीत पहिल्या तासात काय व्हायला हवं?

निदानाच्या आधी रक्ताभिसरण. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल आहे’ यावर समाधान मानायचं नसतं. नाडीचा वेग, हातपायांचा गारवा आणि छातीच्या मध्यावर पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ बघतात. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागला तर रक्त पोचत नाही. १ ते १० वर्षांच्या मुलात वरचा रक्तदाब ७० अधिक वयाची दुप्पट याच्या खाली गेला तर तो उशिरा आलेला धोक्याचा इशारा आहे.

शिरेत दोन सुया, ऑक्सिजन, आणि नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट १० ते २० मिली प्रतिकिलो. अशा प्रत्येक बोलसनंतर (एका वेळी दिलेल्या मात्रेनंतर) पुन्हा तपासणी: नाडी उतरली का, यकृत खाली आलं का, छातीत घरघर सुरू झाली का. हृदयदोष किंवा तीव्र कुपोषण असेल तर कमी आणि सावकाश, ५ ते १० मिली प्रतिकिलो. डेंग्यूतही घाईघाईने सलाईन ओतत नाहीत, कारण गळक्या वाहिन्यांतून ते फुप्फुसात उतरतं. कमी द्रवाने आतडं मरतं आणि जास्त द्रवाने आतड्याची भिंत आणखी सुजते. या दोन्हींच्या मधली वाट मिलिलिटरमध्ये मोजूनच सापडते, म्हणून लघवी मोजली जाते. लक्ष्य तासाला किलोमागे १ मिली. डायपर वापरत असाल तर कोरा आणि भिजलेला दोन्ही वजन करा; एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

पोट फुगलं असेल किंवा उलट्या होत असतील तर नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात. बाळ रडतं, आईवडिलांना बघवत नाही, पण फुगलेलं आतडं मोकळं करणं हा रक्तपुरवठा वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. आणि हो, बालशल्यचिकित्सकाला आत्ताच कळवायचं, सोनोग्राफीचा रिपोर्ट आल्यावर नाही.

इतक्या रक्ततपासण्या कशासाठी?

प्रत्येकीमागे एक प्रश्न असतो. हिमोग्लोबिन किती गेलं, प्लेटलेट घसरतायत का, स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी दिसतात का (एचयूएस), क्रिएटिनिन चढलंय का, सोडियम-पोटॅशियम कुठे आहे, रक्तगट आणि क्रॉसमॅच तयार आहे का, रक्त गोठायला वेळ लागतोय का. शीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि कल्चर, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. तान्ह्या बाळात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी मात्र बहुधा फसवी निघते. निरोगी बाळांच्या आतड्यातही तो जिवाणू मुक्कामाला असतो.

लॅक्टेट म्हणजे प्राणवायू कमी पडला की पेशी रक्तात सोडतात तो पदार्थ. त्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. लॅक्टेट २ च्या वर असेल तर काळजी, ४ च्या वर असेल तर मोठी काळजी, हे खरं. पण लॅक्टेट नॉर्मल म्हणजे आतडं सुरक्षित, असं नाही. आतड्याचा छोटा भाग अडचणीत असेल तर यकृत ते लॅक्टेट धुऊन टाकतं आणि रक्तात काही दिसत नाही. एका आकड्यापेक्षा चार-सहा तासांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीतला फरक जास्त बोलतो.

सोनोग्राफीत ‘फक्त वायू’ असं लिहिलं आहे. मग काळजी मिटली का?

मुलांमध्ये पहिली प्रतिमा-तपासणी सोनोग्राफीच असावी, यात वाद नाही. किरणोत्सर्ग नाही, झोपवावं लागत नाही, इंटससेप्शन आणि पीळ दोन्ही पकडता येतात. मोठ्या आतड्याची भिंत ३ मिमीपेक्षा जाड दिसली तर ती सुजलेली समजतात, आणि जाड भिंतीत डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसत नसेल तर ते इस्केमियाच्या बाजूने जातं. जंतुसंसर्गाच्या सुजेत याच्या विरुद्ध, म्हणजे रक्तप्रवाह वाढलेला असतो. पण फुगलेल्या पोटातला वायू ध्वनिलहरी अडवतो. ‘वायूमुळे नीट दिसलं नाही’ आणि ‘सगळं नीट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रिपोर्टमध्ये यातलं कोणतं लिहिलंय ते वाचा, आणि मूल सुधारत नसेल तर सहा तासांनी पुन्हा सोनोग्राफी मागायला संकोच करू नका.

एक्स-रे, सीटी, कोलोनोस्कोपी यांचं काय?

साधा एक्स-रे, शक्यतो डाव्या कुशीवर झोपवून काढलेला, आतडं फुटून बाहेर आलेली हवा दाखवतो. भिंतीत शिरलेल्या वायूच्या रेषा किंवा अंगठ्याच्या ठशांसारखे फुगवटे दिसले तर ते महत्त्वाचे. एक्स-रे कोरा आहे म्हणून काही सिद्ध होत नाही.

सीटी स्कॅन शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन करतात. धमनीत गुठळी आहे का, किती आतडं धोक्यात आहे, हे त्यात कळतं. मूल स्थिर असेल आणि उत्तराने निर्णय बदलणार असेल तरच करावा. पोट लाकडासारखं टणक झालं असेल तर सीटीच्या रांगेत थांबण्यात अर्थ नाही, ते मूल थेट ऑपरेशनला जातं. बेरियम एनिमा या आजारात करत नाहीत.

कोलोनोस्कोपीने अस्तर डोळ्यांनी दिसतं आणि तुकडाही घेता येतो. पण पातळ भिंतीत हवा भरणं जोखमीचं. पोट टणक असेल तर करतच नाहीत. करायची झाली तर कमी दाबाने, शक्यतो कार्बन डायऑक्साइड वापरून, आणि आजारी भाग सुरू झाला की तिथेच थांबून. पोट साफ करायचं जालीम औषध आधी पाजत नाहीत. ‘दुर्बीण टाका म्हणजे लगेच कळेल’ असा आग्रह नातेवाईक धरतात. या बाबतीत डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांचं ऐका.

किती दिवस उपाशी ठेवतात आणि का?

अन्न आलं की आतड्याला काम लागतं, कामाला जास्त रक्त लागतं, आणि नेमकं तेच कमी आहे. म्हणून तोंड बंद आणि शिरेतून द्रव. हिशेब ठरलेला आहे: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५० मिली. १२ किलोच्या मुलाला दिवसाला ११०० मिली, ५ टक्के डेक्स्ट्रोज घातलेलं सलाईन, आणि लघवी सुरू झाल्यावरच पोटॅशियम. नळीतून जे बाहेर येतं ते वेगळं भरून काढतात. उपास लांबणार असं दिसलं तर शिरेतून पूर्ण पोषण सुरू करतात. तान्ह्या बाळाचा साठा कमी, त्यामुळे तिथे हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

पुन्हा खायला देताना घाई नको. पोट मऊ, वेदना गेलेली, नळीतलं हिरवं पाणी थांबलेलं आणि शीत ताजं रक्त नाही, या चारही गोष्टी जमल्या की थोडं आईचं दूध किंवा पेज. पोट पुन्हा फुगलं तर एक पायरी मागे. बाहेर बसलेल्या आजीला ‘नातवंडाला चार दिवस उपाशी मारतायत’ असं वाटतं. तिला हे कारण नीट सांगा, नाहीतर नजर चुकवून बिस्किट जातं आणि दुसऱ्या दिवशी पोट टम्म. आईने मात्र दर तीन तासांनी दूध काढत राहायचं, नाहीतर बाळाचं तोंड उघडेपर्यंत दूध आटलेलं असतं.

अँटिबायोटिक लागतंच का?

मध्यम किंवा गंभीर आजारात देतात, कारण सोलवटलेल्या अस्तरातून आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. ग्रॅम-निगेटिव्ह आणि हवेशिवाय जगणारे, दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवर चालेल अशी जोडी निवडतात. एचयूएसची दाट शंका असेल तर मात्र आधी विचार करावा लागतो, कारण ज्या ई-कोलायमुळे तो होतो त्याच्यावर अँटिबायोटिक दिल्याने काही वेळा विषाचा मारा वाढतो. रक्तदाब टिकवणारी औषधं लागली तर तीही आतड्याच्या वाहिन्या आखडतात. म्हणून कमीत कमी डोस, आणि शक्य तितक्या लवकर बंद.

ऑपरेशनची वेळ कशी ठरते?

आतडं फुटलं, पोटात पू किंवा मल पसरला, रक्त थांबत नाही, या तीन गोष्टींत चर्चा नसते. अवघड असतं ते चौथं: आतडं फुटलेलं नाही पण मूल सुधारतही नाही. नाडी वेगातच, रक्तातलं ॲसिड वाढतंय, प्लेटलेट घसरतायत, पोटाचा घेर वाढतोय. म्हणून दर चार-सहा तासांनी शक्यतो त्याच डॉक्टरने पोट तपासावं आणि बेंबीच्या पातळीवर त्वचेवर खूण करून तिथेच घेर मोजावा. खूण नसेल तर प्रत्येक नर्सची पट्टी वेगळ्या जागी पडते आणि आकडे निरुपयोगी ठरतात.

ऑपरेशनमध्ये मेलेला भाग काढतात. रंग संशयास्पद असेल तो भाग ठेवून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघण्याची पद्धत आहे. दुसऱ्यांदा ऑपरेशन म्हणजे पहिल्यांदा चूक झाली असा त्याचा अर्थ नव्हे. आतड्याचा प्रत्येक सेंटिमीटर वाचवण्यासाठी ते ठरवून केलेलं असतं. टोकं लगेच न जोडता पोटावर स्टोमा (शी बाहेर पडण्यासाठी आतड्याचं तोंड) काढला तर तो बहुधा तात्पुरता असतो आणि काही आठवडे ते महिन्यांनी बंद करतात. त्या काळात स्टोमाचा रंग ओल्या लाल ओठासारखा हवा. जांभळा किंवा काळा झाला तर त्याच तासाला हॉस्पिटल.

ठाणे-नवी मुंबईतून न्यायचं कुठे?

अंतरापेक्षा सोयी बघा. हॉस्पिटल निवडताना फोनवर चार गोष्टी विचारा: बालशल्यचिकित्सक आत्ता येऊ शकतील का, मुलांच्या आयसीयूत खाट आहे का, रात्री सोनोग्राफी होते का, रक्तपेढी आवारात आहे की बाहेर. चारपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे मूल स्थिर करून घ्या आणि पुढे हलवा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, परळचं वाडिया बालरुग्णालय, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय ही सार्वजनिक आणि धर्मादाय ठिकाणं बहुतेकांच्या तोंडी असतात. तरी निघण्याआधी फोन कराच, कारण खाटेची स्थिती तासागणिक बदलते.

रस्त्याचाही विचार करा. घोडबंदर रस्त्यावर गायमुखकडून संध्याकाळी ठाण्यात यायला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. तिकडून आधी जवळच्या ठिकाणी सुई लावून घेऊन पुढे निघणं शहाणपणाचं. उलवे-पनवेल भागातून परळला जायचं तर जानेवारी २०२४ पासून सुरू झालेला अटल सेतू शिवडीला उतरवतो, तिथून परळ जवळ. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. स्वतःच्या गाडीत, मांडीवर, सलाईनशिवाय शॉकमधलं मूल नेऊ नका.

सोबतच्या चिठ्ठीत हे असावं: वेदना किती वाजता सुरू झाली, शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं, किती मिली द्रव गेला, शेवटची शू केव्हा, वजन, रक्तगट, कोणती औषधं किती वाजता. सोनोग्राफीची प्रिंट घ्या, नुसता रिपोर्ट नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि मुलाचं आधार किंवा जन्मदाखला लागतो. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. दाखल होतानाच त्यांना गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

सौम्य आजारातून बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. उशिरा येणारी अडचण म्हणजे भरताना आतडं आकसून अरुंद होणं. ते काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं: जेवणानंतर पोट फुगतं, शी फितीसारखी बारीक होते, बद्धकोष्ठ वाढत जातं, मग हिरवी उलटी. याला ‘जंत झाले’ म्हणून जंताचं औषध पाजत बसू नका. अरुंद भाग कॉन्ट्रास्ट तपासणीत दिसतो आणि तो फुग्याने रुंद करता येतो किंवा कापून जोडावा लागतो.

वजन पहिले दोन महिने दर पंधरवड्याला, त्याच काट्यावर. एचयूएस किंवा एचएसपी होऊन गेलं असेल तर लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब पुढचे काही महिने तपासत राहायचं, मूल ठणठणीत दिसत असलं तरी.

पुन्हा होईल का?

कारणावर अवलंबून. जुलाबांनी अंगातलं पाणी आटून झालं असेल तर सहसा नाही. पीळ ऑपरेशनने सुटला असेल तर शक्यता फार कमी. कारण सापडलंच नाही, किंवा दुसऱ्यांदा झालं, तर प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन (रक्त गोठणं आवरणारे घटक) या तपासण्या आणि हृदयाचा इको करून घ्यावा. या रक्ततपासण्या आजाराच्या भरात केल्या तर आकडे खऱ्यापेक्षा कमी येऊन फसवतात. सहा आठवडे थांबून केलेल्याच ग्राह्य धरा. हर्शस्प्रुंगचं मूल असेल तर ऑपरेशननंतरही पोट फुगून दुर्गंधीयुक्त पातळ शी होणं हा धोक्याचा इशारा राहतो. गुदद्वारातून नळी घालून आतड्याची धुलाई शिकवली असेल तर ती १० ते २० मिली प्रतिकिलो कोमट सलाईननेच करायची, साध्या पाण्याने नाही. साधं पाणी आतड्यातून शोषलं जाऊन सोडियम उतरतं.

राहिलेल्या लसी केव्हा द्यायच्या?

निष्क्रिय (जिवंत जंतू नसलेल्या) लसी मूल बरं झालं की लगेच चालतात. पॅक्ड सेल्स (दात्याच्या रक्तातल्या लाल पेशी) चढवल्या असतील तर गोवर-रुबेलाची लस साधारण सहा महिने पुढे जाते, कारण दात्याच्या रक्तातल्या अँटिबॉडीज लसीला निष्प्रभ करतात. एकदा इंटससेप्शन होऊन गेलेल्या बाळाला रोटाव्हायरसचा पुढचा डोस देत नाहीत. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात हे माहीत असेलच असं नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डाची प्रत लसीकरणाच्या पुस्तिकेला टाचून ठेवा आणि रक्त चढवल्याची तारीख पहिल्या पानावर ठळक लिहा.